घरच्या घरी सुटे भाग : काटकसर कुठे संपते, धोका कुठे सुरू होतो?

- विशेष प्रतिनिधी

रेडिएटर गळू लागला की त्यात चमचाभर हळद टाकायची. पेट्रोलची टाकी झिरपू लागली की फटीत कपडे धुण्याचा साबण दाबून बसवायचा. फ्यूज उडाला की सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळून काम भागवायचे. पाण्याचा पाइप फुटला तर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून घट्ट आवळायची. हे सारे इलाज महाराष्ट्रातल्या कोणत्याही जुन्या ट्रकचालकाला तोंडपाठ असतात. एके काळी ही विद्या चालकाकडून क्लीनरकडे, मिस्त्रीकडून हाताखालच्या पोऱ्याकडे जात असे. आता ती मोबाइलच्या पडद्यावरून थेट गाडीच्या मालकाकडे जाते. स्वयंपाकघरातील डबा, पाण्याची बाटली, बागेतला पाइप, थर्माकोलची पेटी, एवढेच काय तर घरातला गॅस सिलिंडरही मोटारीचा ‘सुटा भाग’ कसा होऊ शकतो, हे दाखवणाऱ्या चित्रफिती लाखो लोक पाहतात आणि त्यातील काही जण ते करूनही बघतात.

या प्रकाराकडे पाहण्याच्या दोन ठरावीक तऱ्हा आपल्याकडे आहेत. एक कौतुकाची. ‘जुगाड’ हा शब्द उच्चारला की आपली छाती फुगते आणि भारतीय माणसाच्या कल्पकतेचे गोडवे सुरू होतात. दुसरी तुच्छतेची. चार पैसे वाचवण्यासाठी जिवाशी खेळणारी अडाणी माणसे, असा शिक्का मारून विषय संपवला जातो. या दोन्ही तऱ्हांमध्ये खरा प्रश्न बाजूला पडतो. माणसे हे का करतात, त्यातले काय चालण्याजोगे आहे, काय जीवघेणे आहे आणि या दोहोंतील रेघ आपला कायदा नीट ओढतो का, हा तो प्रश्न आहे.

देशी इलाजामागचे तर्कशास्त्र

सर्वप्रथम हे मान्य करायला हवे की यातील अनेक इलाज खरोखर चालतात आणि ते चालण्यामागे कारण आहे. हळदीची पूड गरम पाण्यात फुगते. पाणी जेथून बाहेर पडते त्या बारीक छिद्राकडे तिचे कण ओढले जातात आणि तेथे बसून छिद्र बुजवतात. साबण पेट्रोलमध्ये सहजी विरघळत नाही, म्हणून टाकीच्या फटीत दाबलेला साबण काही काळ टिकून राहतो. सायकलच्या ट्यूबचे रबर ताणून गुंडाळले की ते स्वतःच्या ताणानेच पाइपवर घट्ट बसते. पदार्थांचे गुणधर्म अनुभवाने ओळखणाऱ्या माणसांनी शोधलेले हे उपाय आहेत.

परंतु हे उपाय ज्या माणसांनी शोधले, त्यांनी ते कधीही कायमचे म्हणून वापरले नाहीत. घाटात गाडी बंद पडली आहे, रात्र झाली आहे आणि पुढचे गाव दहा-पंधरा किलोमीटरवर आहे, अशा वेळी तेथवर पोहोचण्यापुरता तो इलाज असे. जी हळद रेडिएटरचे छिद्र बुजवते, तीच त्याच्या बारीक नळ्याही बुजवते. गळती थांबल्याच्या आनंदात गाडी तशीच महिनाभर चालवली तर पाण्याचा प्रवाह मंदावतो, इंजिन तापते आणि काही रुपयांच्या हळदीपायी इंजिन उघडण्याची पाळी येते. टाकीतला साबण गाडीच्या हादऱ्यांनी सैल होतो आणि केव्हा निसटेल याचा नेम नसतो. चित्रफितींमध्ये नेमका हाच भाग गळालेला असतो. इलाज अर्ध्या मिनिटात दिसतो. त्याची मुदत मात्र कुणी सांगत नाही.

दुसरा फरक गाडीत झाला आहे. जुन्या अॅम्बेसेडर वा प्रीमियर पद्मिनीचे इंजिन हे उघडे पुस्तक होते. आजच्या गाडीत तसे नाही. एक साधे उदाहरण घेता येईल. जुन्या गाड्यांत रेडिएटरमधून बाहेर येणारे जादा पाणी साठवणारी जी बाटली असे, तिच्यावर दाब नसे. ती फुटली तर पिण्याच्या पाण्याची रिकामी बाटली तारेने बांधून अनेकांनी वर्षे काढली. नव्या अनेक गाड्यांमध्ये मात्र ही टाकी इंजिन थंड ठेवणाऱ्या बंदिस्त व्यवस्थेचाच भाग असते. तिच्यात शंभर अंशांहून अधिक तापलेले पाणी दाबाखाली असते. तेथे पाण्याची बाटली बसवणे म्हणजे बॉनेटखाली उकळत्या पाण्याचा स्फोट पेरून ठेवणे होय. वस्तू तीच, जागाही तीच दिसते. परंतु आतील काम बदललेले असते.

निरुपद्रवी आणि प्राणघातक

म्हणूनच सगळे घरगुती प्रयोग एकाच मापाने मोजणे चूक आहे. २०१९च्या उन्हाळ्यात अहमदाबाद आणि पुणे येथील मोटारींची छायाचित्रे देशभर गाजली होती. उकाडा कमी व्हावा म्हणून त्यांच्या मालकांनी गाडी बाहेरून शेणाने सारवली होती. त्याचा उपयोग किती झाला यावर वाद होऊ शकतो, परंतु शेणाने सारवलेल्या मोटारीने कुणाचा जीव जाण्याची शक्यता नाही. तुटलेले हातमोडे हँडल घरीच जोडणे, जुन्या चादरीपासून सीटची खोळ शिवणे, डिकीत भाजीचा क्रेट बसवून कप्पे करणे, आतील पत्र्यावर जाड कापड चिकटवून आवाज कमी करणे, हे सारे या गटात येते. यात हरकत घेण्याजोगे काही नाही. उलट त्यात शहाणी काटकसर आहे.

धोका सुरू होतो तो फ्यूजपासून. फ्यूज हा मुद्दाम दुबळा ठेवलेला भाग आहे. विजेचा प्रवाह ठरावीक मर्यादेबाहेर गेला की सर्वांत आधी त्याने जळावे आणि मागची तार वाचवावी, यासाठीच तो असतो. त्याच्या जागी चंदेरी कागद किंवा तांब्याची तार आली की साखळीतील दुबळी कडी नाहीशी होते आणि मग जळते ती तार, तिच्यावरचे आवरण आणि त्याच्या शेजारचे सारे काही. धावत्या मोटारीने पेट घेतल्याच्या बातम्या आपण वारंवार वाचतो. प्रत्येक घटनेचे कारण वेगळे असते. तथापि बाहेरून जोडलेले जास्त शक्तीचे दिवे, कापून जोडलेल्या तारा आणि फसवलेला फ्यूज हे आगीला खुले आमंत्रण असते, हे कोणताही जाणता ऑटो-इलेक्ट्रिशियन सांगेल.

ब्रेकची गोष्ट याहून नाजूक. ब्रेक ऑइल हे नावाने ऑइल असले तरी खनिज तेल नव्हे. ‘डॉट ३’ दर्जाच्या ताज्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस आणि ‘डॉट ४’चा किमान २३० अंश असावा लागतो. घाट उतरताना ब्रेक इतके तापतात की साधा द्रव उकळून त्याची वाफ होईल. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. त्यामुळे वाफ झाली की पेडल तळाला जाते आणि गाडी थांबत नाही. या टाकीत खाद्यतेल किंवा इंजिनाचे तेल ओतले तर आतील रबरी सील फुगून निकामी होतात. दोष लगेच दिसत नाही. पहिले काही दिवस ब्रेक लागतात आणि म्हणूनच प्रयोग यशस्वी झाल्याचा भास होतो.

पेट्रोलच्या नळीबाबतही असेच. बागेला पाणी घालण्याचा प्लास्टिकचा पाइप दिसायला इंधनाच्या नळीसारखाच असतो, किमतीत मात्र फारच स्वस्त. पेट्रोलच्या सतत संपर्काने आणि इंजिनाच्या उष्णतेने तो कडक होतो, त्याला तडे जातात आणि तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकू लागते.

आता त्यात घरगुती थ्रीडी प्रिंटरची भर पडली आहे. तुटलेली क्लिप, बटण किंवा झाकण घरी छापून घेणे सोयीचे आहे. मात्र अशा प्रिंटरमध्ये सर्वाधिक वापरले जाणारे ‘पीएलए’ प्लास्टिक सुमारे ६० अंशांवर मऊ पडू लागते. उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर एवढे तापमान सहज होते. बॉनेटखालची तर बातच नको. ब्रिटनमध्ये मार्च २०२५मध्ये एका छोट्या हौशी विमानाचे इंजिन उतरताना बंद पडले आणि विमान कोसळले. इंजिनाकडे हवा नेणारा थ्रीडी छापील प्लास्टिकचा कोपरा उष्णतेने मऊ होऊन दबला होता, असे तेथील अपघात तपास यंत्रणेला आढळले. वैमानिक वाचला. विमानाचा तो भाग दिसायला अगदी नेटका होता. चूक आकारात नव्हती, पदार्थात होती.

स्वयंपाकघरातला सिलिंडर

या सगळ्यात घातक घरगुती वस्तू कोणती, असे विचारले तर उत्तर एकच आहे : १४.२ किलोचा घरगुती गॅस सिलिंडर. पेट्रोलच्या तुलनेत स्वस्त पडतो म्हणून या सिलिंडरमधील गॅस मोटारीत भरून देण्याचा चोरटा धंदा राज्यातील अनेक शहरांत चालत आला आहे. २००० सालच्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीनंतर गाडीत एलपीजी वापरणे कायदेशीर झाले, परंतु ते मान्यताप्राप्त किट, मान्यताप्राप्त टाकी आणि अधिकृत पंप यांच्याच आधारे. गाडीसाठीची टाकी सुमारे ८० टक्केच भरावी अशी तिची रचना असते, कारण उष्णतेने द्रव फुगण्यास जागा हवी. घरगुती सिलिंडर उलटा टांगून विजेच्या मोटारीने गॅस ओढला जातो, तेव्हा यातील कोणतीही काळजी घेतली जात नाही. त्यातच हा गॅस हवेपेक्षा जड; गळाला तर उडून न जाता जमिनीलगत साचतो आणि एका ठिणगीची वाट पाहतो.

नोव्हेंबर २०२४मध्ये जळगाव शहरात हेच घडले. गाडीत अशा रीतीने गॅस भरला जात असताना स्फोट झाला आणि गाडीने प्रवासाला निघालेल्या कुटुंबातील माणसे होरपळून मृत्युमुखी पडली. अशा घटनेनंतर काही दिवस छापे पडतात, काही सिलिंडर जप्त होतात आणि मग सारे पुन्हा पूर्ववत होते. दोन दरांतील तफावत कायम असेपर्यंत हा धंदा केवळ छाप्यांनी थांबेल, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

याच पंगतीत बसणारी पण दिसायला अगदी निरुपद्रवी अशी आणखी एक वस्तू आहे : सीटबेल्ट न लावता त्याचा इशारा बंद करणारी क्लिप. जुन्या बेल्टची कडी कापून खाचेत अडकवून ठेवणे हा तिचा घरगुती अवतार. बाजारात तीच काही रुपयांत तयार मिळते. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मोटार अपघातात मृत्यू झाला. मागील आसनावर बसलेल्या मिस्त्री यांनी बेल्ट लावला नव्हता, हे तपासात पुढे आले आणि देशभर सीटबेल्टची चर्चा सुरू झाली. त्यानंतर मे २०२३मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांना या क्लिपांची विक्री बंद करण्याचे आदेश दिले. तोवर अशा १३ हजार ११८ जाहिराती संकेतस्थळांवरून हटवण्यात आल्या होत्या. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२१मध्ये सीटबेल्ट न लावल्याने १६ हजारांहून अधिक लोक दगावले. त्यात ८ हजार ४३८ चालक आणि ७ हजार ९५९ प्रवासी होते. गाडीतील सर्वांत महागडी सुरक्षा व्यवस्था निकामी करण्यास एक लोखंडी कडी पुरते, हा यातील धडा आहे.

महाग भाग, स्वस्त मोह

मग माणसे असे का करतात? अज्ञान हे एक कारण आहेच. पण ते एकमेव नाही, आणि बहुधा पहिलेही नाही. पहिले कारण सुट्या भागांच्या किमती हे आहे.

याबाबतचा सर्वांत बोलका पुरावा भारतीय स्पर्धा आयोगाच्या २५ ऑगस्ट २०१४च्या आदेशात आहे. एका ग्राहकाने तीन मोटार कंपन्यांविरुद्ध केलेल्या तक्रारीतून सुरू झालेली ही चौकशी देशातील जवळपास सर्व नामवंत कंपन्यांपर्यंत पोहोचली. कंपन्या आपले अस्सल सुटे भाग आणि बिघाड शोधण्याची यंत्रे खुल्या बाजारात मिळू देत नाहीत, त्यामुळे ग्राहकाला अधिकृत केंद्राकडेच जावे लागते, असा निष्कर्ष आयोगाने काढला. सुट्या भागांवरील नफा सर्वसाधारणपणे शंभर टक्के आणि काही बाबतींत सुमारे पाच हजार टक्क्यांपर्यंत असल्याचेही त्यात नमूद होते. आयोगाने १४ कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि सुटे भाग स्वतंत्र गॅरेजांना उपलब्ध करून देण्याचे आदेश दिले. कंपन्यांनी अपिले केली. २०१६च्या डिसेंबरमध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने त्यातील तीन कंपन्यांबाबत दोष कायम ठेवला, दंडाची रक्कम मात्र कमी केली. आदेशाला दशक उलटून गेले. तरी नव्या गाडीच्या मालकाला गल्लीतल्या मिस्त्रीकडे जाऊन अस्सल भाग आणि त्याची माहिती सहज मिळते, असे म्हणण्याचे धाडस आज कोणी करणार नाही.

दुसरे कारण म्हणजे भाग सुटा राहिलेलाच नाही. पूर्वी दिव्याची काच फुटली तर काच मिळे, बल्ब गेला तर बल्ब. आता दिव्याच्या खोक्याचा एक कान तुटला तरी अख्खा दिवा बदलावा लागतो. आरसा फुटला तर त्यासोबत मोटार, इंडिकेटर आणि काही गाड्यांत कॅमेराही विकत घ्यावा लागतो. हा कान घरी एम-सीलने चिकटवणाऱ्याला आपण कोणत्या तोंडाने दोष देणार?

तिसरे कारण विम्यात दडलेले आहे. मोटार विम्याच्या प्रचलित तक्त्यानुसार रबर, नायलॉन आणि प्लास्टिकचे भाग, टायर, बॅटरी व एअरबॅग यांच्या किमतीत ५० टक्के घसारा धरला जातो. म्हणजे ‘झिरो डेप्रिसिएशन’चे वेगळे कवच घेतले नसेल तर अपघातानंतर प्लास्टिकच्या बंपरची निम्मी किंमत मालकाच्याच खिशातून जाते. आजच्या गाडीत प्लास्टिक किती आहे हे पाहिले की या अटीचा अर्थ ध्यानात येतो. सरकारने २२ सप्टेंबर २०२५पासून सर्व वाहनभागांवर सरसकट १८ टक्के वस्तू व सेवा कर लागू केला. त्याआधी अनेक भागांवर तो २८ टक्के होता. हा दिलासा स्वागतार्ह आहे. पण मूळ किंमतच अवाजवी असेल तर करातील कपातीने दुखणे कमी होते, बरे होत नाही.

या तिन्ही कारणांचा परिणाम मध्यमवर्गीय घरात एकाच रीतीने उमटतो. वॉरंटी संपलेली, कर्ज फिटलेली, सात-आठ वर्षांची गाडी दारात उभी असते. ती विकली तर पैसे येत नाहीत आणि दुरुस्त केली तर परवडत नाही. अशा घरातील कर्ता माणूस पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या भंगार बाजारात जुना भाग शोधतो, तो न मिळाल्यास नकली भाग घेतो आणि तेही जमले नाही तर मोबाइल उघडून घरच्या घरी काय करता येईल ते पाहतो. ही उतरंड ध्यानात घेतली तर घरगुती सुटा भाग हा केवळ हौसेचा प्रकार राहत नाही. तो बाजाराने बाहेर ढकललेल्या ग्राहकाचा शेवटचा मुक्काम ठरतो.

कायद्याची एकच काठी

कायदा याकडे कसा पाहतो? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील कंपनीने मुळात ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व पुन्हा ठामपणे मांडले. त्याच वर्षी कायद्यात झालेल्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले. त्यानुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सुरक्षेच्या दृष्टीने कळीचा म्हणून अधिसूचित झालेला भाग निकषांत न बसता विकणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा प्रत्येक भागामागे एक लाख रुपये दंड होऊ शकतो.

त्याआधी, २०१३मध्ये राजस्थान परिवहन महामंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उत्तर भारतातील ‘जुगाड’ गाड्यांचा प्रश्न निकाली काढला होता. पाणी उपसण्याचे इंजिन लाकडी सांगाड्यावर बसवून माणसांची वाहतूक करणारी ही गाडीसुद्धा मोटार वाहनच आहे, त्यामुळे नोंदणी, परवाना आणि विमा यांतून तिची सुटका नाही, असा हा निकाल होता. त्यामागे अपघातग्रस्तांचा विचार होता. विमा नसलेल्या, नोंद नसलेल्या वाहनाखाली सापडलेल्या माणसाने भरपाई मागायची तरी कुणाकडे? घरगुती बदलाकडे मालकाचा खासगी मामला म्हणून पाहता येत नाही, याचे हे सर्वांत सबळ कारण आहे. रस्ता सार्वजनिक आहे. एकाच्या निकामी ब्रेकची किंमत दुसरा मोजतो. २०२२मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मरण पावली, हे लक्षात घेतले की कायद्याच्या कठोरपणावर आक्षेप घेणे अवघड होते.

तरीही या कायद्यात एक उणीव आहे. मालकाला शिक्षा सांगताना तो फारसा भेद करत नाही. कोणता बदल धोक्याचा, कोणता निरुपद्रवी आणि कोणता परवानगी घेऊन करता येईल, हे सामान्य माणसाला सहज कळेल अशा भाषेत कुठेही मांडलेले नाही. परिणामी आरटीओच्या तपासणीत आवाज करणारा सायलेन्सर सापडतो, कारण तो ऐकू येतो. ब्रेकच्या टाकीतले चुकीचे तेल सापडत नाही, कारण ते दिसत नाही.

देवराष्ट्रेची गाडी

कौतुक आणि कायदा यांची गाठ कशी पडते, याचे उत्तम उदाहरण आपल्याच राज्यात घडले. यशवंतराव चव्हाण यांचे जन्मगाव असलेल्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील एका लोहारकाम करणाऱ्या कारागिराने मुलाच्या हट्टापायी भंगारातून चारचाकी गाडी तयार केली. खर्च सुमारे साठ हजार रुपये. दुचाकीसारखी पायाने किक मारून ती सुरू होत असे. डिसेंबर २०२१मध्ये तिची चित्रफीत सर्वत्र पसरली. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी कारागिराची तारीफ केली, पण त्याच वेळी ही गाडी नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या स्थानिक अधिकारी ती रस्त्यावरून काढतील, हेही स्पष्ट सांगितले आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२मध्ये ही अदलाबदल झाली.

गोष्टीचा शेवट गोड झाला आणि सर्वांनी टाळ्या वाजवल्या. परंतु त्यातून धोरण म्हणून काही निष्पन्न झाले नाही. ज्या हातांना शाळा-कॉलेजाविना गाडी बनवता आली, त्या हातांना कायदेशीर चौकटीत आणणारी वाट आपल्याकडे कुठे आहे? पुण्यात १९६६पासून ‘एआरएआय’सारखी नामांकित चाचणी संस्था आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात कोणताही भाग पाहून हुबेहूब घडवणारे टर्नर आणि फिटर आहेत. या दोहोंमध्ये मात्र पूल नाही. छोट्या कारखानदाराने बनवलेला साधा रबरी बुश वा ब्रॅकेट परवडणाऱ्या शुल्कात तपासून, त्यावर दर्जाचा शिक्का मारून देण्याची सोय झाली, तर ‘अस्सल पण महाग’ आणि ‘स्वस्त पण नकली’ यांच्या मधली जागा भरून निघेल.

क्युबाचा इशारा

टंचाईतून अशी विद्या किती दूर जाऊ शकते, हे पाहायचे तर क्युबाकडे पाहावे. १९५९च्या क्रांतीनंतर आणि अमेरिकेच्या व्यापारबंदीनंतर त्या देशात अमेरिकी गाड्यांचे सुटे भाग येणे थांबले. क्युबातील मिस्त्रींनी पन्नासच्या दशकातील शेवरोले आणि ब्यूक गाड्यांमध्ये सोव्हिएत बनावटीची इंजिने बसवली, भाग स्वतः घडवले आणि घरात मिळेल त्या वस्तूवर काम भागवले. २०११पर्यंत तेथे क्रांतीपूर्वीच्या गाड्यांचीच मुक्तपणे खरेदी-विक्री करता येत असे. जानेवारी २०१४मध्ये नव्या गाड्यांची विक्री खुली झाली, तेव्हा प्यूजो ५०८ गाडीची किंमत २ लाख ६२ हजार डॉलर लावण्यात आली. तेव्हा पर्यटकांना भुरळ घालणाऱ्या हवानाच्या रंगीत गाड्यांमागे हौसेपेक्षा नाइलाज अधिक आहे. कल्पकता ही गुण असते. पण ती सक्तीची झाली की ती व्यवस्थेच्या अपयशाची खूण ठरते. आपल्याकडे व्यापारबंदी नाही. बाजार खुला आहे, गाड्या देशातच बनतात. असे असताना ग्राहकाला क्युबातील मिस्त्रीसारखे वागावे लागत असेल तर त्याची कारणे आपल्याच घरात शोधायला हवीत.

दुरुस्तीचा हक्क हाच उपाय

केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२मध्ये ‘राइट टू रिपेअर’ म्हणजे दुरुस्तीच्या हक्काची चौकट ठरवण्यासाठी समिती नेमली. शेती अवजारे, मोबाइल फोन, घरगुती उपकरणे आणि वाहने ही चार क्षेत्रे तिने निवडली. डिसेंबर २०२२मध्ये त्यासाठीचे संकेतस्थळही सुरू झाले. मात्र कंपनीने दुरुस्तीची पुस्तिका, सुटे भाग आणि तपासणी यंत्रे स्वतंत्र गॅरेजला दिलीच पाहिजेत, असे बंधन घालणारा स्वतंत्र कायदा त्यातून झालेला नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने वाहनांसाठी असा कायदा २०१२मध्येच केला. वाहननिर्मितीत जगात आघाडीवर असल्याचे सांगणाऱ्या देशाला हे अशक्य नाही.

तोवर काय करावे? घरगुती उपायांची तीन गटांत विभागणी करणे हे सामान्य वाहनधारकाच्या हाती आहे. ज्या भागाने केवळ सोय किंवा शोभा होते, तो खुशाल घरी दुरुस्त करावा. पाणी वा हवेची किरकोळ गळती रोखणारे उपाय गॅरेज गाठेपर्यंतच वापरावेत आणि पोहोचल्यावर मिस्त्रीला ते न लपवता सांगावेत. आणि ब्रेक, स्टिअरिंग, टायर, इंधन, वीज, सीटबेल्ट व एअरबॅग या सात गोष्टींना घरगुती हात लावूच नये. गाडीत केलेला बदल विमा कंपनीला कळवलेला नसेल तर दावा नाकारला जाऊ शकतो, हेही विसरू नये. सरकारने हीच विभागणी सोप्या मराठीत, प्रत्येक आरटीओ कार्यालयाच्या भिंतीवर लावली तर पुष्कळ काम होईल.

लोकांनी काटकसर सोडावी, असे कुणी म्हणणार नाही; जुनी वस्तू दुरुस्त करून वापरणे हा आपल्या घरांचा संस्कार आहे आणि तो टिकायला हवा. परंतु काटकसरीला सुरक्षित वाट मिळाली नाही तर ती असुरक्षित वाट शोधते. मालकाला पाच हजारांचा दंड करण्याचा अधिकार शासनाने घेतला आहे. वाजवी दरात चांगला भाग मिळण्याचा त्याचा अधिकारही तितक्याच स्पष्ट शब्दांत कायद्यात लिहिला जाईपर्यंत चमचाभर हळद आणि चंदेरी कागद यांचे राज्य संपणार नाही.